तबकडीची वाटणी

उल्हासनगरात कोणाला पत्ता विचारा, उत्तर आकड्यांत मिळेल. ‘कॅम्प नंबर तीन, सतरा सेक्शन’ एवढे म्हटले की रिक्षावाला पुढे काही विचारत नाही. रस्त्यांना थोरामोठ्यांची नावे मागाहून मिळाली. आधी आले ते आकडे. याचे कारण हे गाव मुळात लष्कराची छावणी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ सैनिकांसाठी बराकी उभारल्या होत्या. युद्ध संपले, बराकी ओस पडल्या, आणि १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून निघालेली हजारो कुटुंबे तिथे येऊन उतरली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी या वसाहतीची कोनशिला बसवली आणि शेजारच्या नदीवरून तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. नाव नवे आले, पण एक ते पाच ही कॅम्पांची वाटणी तशीच राहिली. लोकांच्या तोंडी ती आजही आहे.

मी याच भागातल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. राहणार बदलापूरचा. आणि आज तुमच्याशी बोलणार आहे ते संगणकाच्या पोटातल्या हार्ड डिस्कच्या वाटणीविषयी. इतिहासाच्या मास्तराला ही उठाठेव कोणी सांगितली, असे तुम्ही म्हणाल. म्हणा. पण तुमच्या घरच्या संगणकावर ‘सी’ आणि ‘डी’ अशी दोन घरे दिसत असतील, तर त्यांतले ‘डी’ सुरक्षित, महत्त्वाचे कागद ‘डी’त ठेवावेत, असे तुम्हाला कोणीतरी कधीतरी सांगितले असेलच. हा समज आला कुठून आणि तो खरा कितपत, हा प्रश्न शेवटी इतिहासाचाच आहे. त्याचे उत्तर मला उशिरा कळले, आणि त्यापायी जे नुकसान झाले तेही इतिहासाचेच झाले. ते पुढे सांगतो.

आधी शब्दाविषयी एक गोष्ट. तबकडीच्या या वाटणीला इंग्रजीत पार्टिशन म्हणतात. देशाची झाली तीही पार्टिशनच. मराठीने मात्र फाळणी आणि वाटणी हे दोन शब्द निराळे ठेवले, हे बरे केले. १९९९ च्या सुमारास मी कॅम्प चारमधल्या एका संगणकाच्या क्लासला जात असे. क्लास चालवणाऱ्याचे वृद्ध वडील दाराशी खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत बसलेले असायचे. एके दिवशी शिकवणारा तरुण मोठ्याने म्हणाला, ‘‘आता आपण पार्टिशन करणार आहोत.’’ म्हाताऱ्याने वर्तमानपत्र खाली केले आणि म्हटले, ‘‘फिर से?’’ सगळी मुले हसली. मीही हसलो. पुढे याच म्हाताऱ्याकडे मी वही घेऊन बसलो, पण त्याला अजून अवकाश होता.

हार्ड डिस्क म्हणजे चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्यांची चळत. ग्रामोफोनची तबकडी डोळ्यांपुढे आणा. फरक इतकाच की इथे सुई तबकडीला टेकत नाही, केसाहूनही बारीक अंतरावरून वाचते आणि लिहिते. अशी पहिली यंत्रणा आयबीएम कंपनीने १९५६ साली बाजारात आणली. दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या, वजन टनाच्या घरात, आणि त्यांत मावायची सुमारे पन्नास लाख अक्षरे! आजच्या मोबाइलवर काढलेल्या एकदोन छायाचित्रांतच एवढी जागा संपते. त्याच सुमारास आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली मंडळी स्वतःचा संगणक जुळवीत होती. तो १९६० साली कामाला लागला, आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. पण ही सारी राजेरजवाड्यांची यंत्रे. घरगुती माणसाच्या वाट्याला हार्ड डिस्क येऊ लागली ती मार्च १९८३ मध्ये आयबीएमने ‘पीसी एक्सटी’ काढला तेव्हापासून. तिच्यात १० मेगाबाइट जागा होती.

तोवर लहान संगणक फ्लॉपीवर चालत. फ्लॉपीच्या दोन खाचांना ‘ए’ आणि ‘बी’ ही अक्षरे देऊन झाली होती. म्हणून हार्ड डिस्कला तिसरे अक्षर मिळाले, ‘सी’. आज फ्लॉपी पाहायलाही मिळत नाही, ‘ए’ आणि ‘बी’ जागा सोडून गेले, तरी ‘सी’ आपला तिसऱ्या क्रमांकावरच उभा आहे. सैन्य गेले, कॅम्प राहिला, तसेच हे.

आता वाटणी कशी होते ते पाहू. तबकडीच्या अगदी आरंभी ५१२ बाइटांचा एक कप्पा असतो. संगणक सुरू झाला की तो पहिल्याने इथे येतो. या कप्प्यात चार नोंदींपुरती जागा राखलेली असते, प्रत्येक नोंद १६ बाइटांची, म्हणजे सगळी मिळून ६४ बाइट. कोणता भाग कुठून सुरू होतो, किती लांब आहे, त्यात कोण राहतो आणि पहाटे उठून दार कोणी उघडायचे, एवढेच तिथे लिहिलेले असते. तलाठ्याकडचा सातबारा पाहिला आहे ना? तसाच हा तबकडीचा सातबारा. लक्षात ठेवा, जमीन वेगळी आणि उतारा वेगळा. उतारा फाटला म्हणून शेत कुठे जात नाही. मात्र ते कोणाचे, बांध कुठे, हे सांगायला कोणी उरत नाही.

चारच नोंदी का? तर एकाच तबकडीवर निरनिराळ्या कंपन्यांच्या कार्यप्रणालींना शेजारी-शेजारी नांदता यावे, ही मूळ कल्पना. म्हणजे ही भावाभावांची वाटणी नव्हतीच. चार परक्या कुळांना एका माळावर जागा आखून देण्याचा तो प्रकार होता. सुरक्षिततेचा विचार त्यात नव्हता.

मग ‘डी’ आला कुठून? इथे खरी गंमत आहे. त्या काळची डॉस ही कार्यप्रणाली आपल्या वाट्याचे कप्पे सोळा बिटांच्या आकड्याने मोजत असे. एवढ्या आकड्यात जास्तीत जास्त ६५,५३६ कप्पे मोजता येतात. प्रत्येक कप्पा ५१२ बाइटांचा; गुणाकार करा, बरोबर ३२ मेगाबाइट येतात. पुढे बाजारात ४० मेगाबाइटची तबकडी आली. बत्तीसच्या पुढे डॉसला मोजताच येईना! उरलेल्या आठांचे काय करायचे? म्हणून १९८७ साली डॉसच्या ३.३ या आवृत्तीत तोड काढली: चारांपैकी एका नोंदीत एक मोठे आवार घ्यायचे आणि त्या आवारात पोटहिस्से पाडायचे. आपल्या ‘डी’ आणि ‘ई’ यांचा संसार या पोटहिश्शांत थाटला गेला. हिशेबाची वही तोकडी पडली, म्हणून दुसरी वही शिवली. एवढाच त्याचा अर्थ.

पुढे मोजणीची रीत सुधारली, पण अडचण दुसऱ्या बाजूने आली. एक भाग २ गिगाबाइटपर्यंत नेता येऊ लागला खरा, पण इतक्या मोठ्या भागात जागेचा लहानात लहान तुकडा ३२ किलोबाइटचा पडे. चार ओळींचे पत्र लिहिले तरी त्याला अख्खी बत्तीस किलोबाइट जागा द्यायची! एका माणसाला अख्खी बराक दिल्यासारखे. म्हणून जाणते लोक मुद्दाम लहान-लहान भाग पाडीत, म्हणजे तुकडाही लहान पडे. १९९६ साली विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर ‘फॅट ३२’ ही नवी रीत आली आणि वाटणीचे हेही कारण बहुतांशी संपले.

कारण संपले, पण सवय राहिली. आणि सवयीला नवे कारण मिळाले ते दुरुस्तीवाल्यांकडून. विंडोज ९८ च्या काळात उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या गावांत पिशवीत फ्लॉप्या आणि सीड्या घेऊन हिंडणारी तरुण मुले पुष्कळ होती. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणायचे, घरी जोडायचे, गिऱ्हाइकाकडे पोचवायचे आणि पुढे तो बिघडला की पुन्हा जायचे. मीही सुट्टीत एका मित्राबरोबर हे उद्योग केले आहेत. विंडोज रुसली, तर आधी तिला ‘सेफ मोड’मध्ये, म्हणजे किमान सामानासह, उठवून पाहायचे. तशी उठली, तर नव्याने घातलेला एखादा प्रोग्राम किंवा एखाद्या यंत्रभागाचा चालक गुन्हेगार, असे समजायचे आणि तो काढायचा. मग ‘स्कॅनडिस्क’ लावून तबकडी तपासायची. यातले काहीच लागू पडले नाही, की शेवटचा उपाय: ‘सी’ पुसून विंडोज नव्याने बसवणे. खरे तर दहांतल्या पाच वेळी पहिल्या दोन उपायांनीच काम झाले असते. पण पुसून टाकणे सोपे, आणि शोधण्यात वेळ जातो. गिऱ्हाइकाला मात्र धीर देता येई: ‘‘काकू, तुमचं सगळं डीत आहे, काही जाणार नाही.’’ आणि खरेच जात नसे.

नसे, असे म्हणताना एक अपवाद सांगितला पाहिजे, तो मराठी माणसाच्या दृष्टीने महत्त्वाचा. त्या काळी मराठी लिहायचे म्हणजे एखाद्या कंपनीचा टंक संगणकावर बसवायचा. हा टंक राहायचा ‘सी’मध्ये. ‘सी’ पुसला की टंक गेला. मग ‘डी’तले मराठी पत्र उघडावे, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता कचरा. मजकूर सुखरूप, पण वाचणारा डोळा गेलेला! देवनागरीला जागतिक युनिकोड संकेतात १९९१ पासून स्थान होते, पण ते घरच्या संगणकावर उतरायला पुष्कळ वर्षे लागली. विंडोज एक्सपीतही देवनागरीची सोय आपण होऊन चालू होत नसे. सीडी घालून ती वेगळी बसवावी लागे. किती दुरुस्तीवाल्यांना हे ठाऊक होते, देव जाणे. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी वडिलांचे टंकलिखित आत्मवृत्त ‘व्हायरसने खाल्ले’ म्हणून स्वतःच्या हाताने पुसले. त्याला व्हायरसने शिवलेदेखील नव्हते.

व्हायरस होते, हे मात्र खोटे नाही. १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ फ्लॉपीच्या पहिल्याच कप्प्यात ठाण मांडून बसे. मागाहून आलेला ‘मायकेलँजेलो’ हार्ड डिस्कचा सातबाऱ्याचा कप्पा गाठे आणि दरवर्षी ६ मार्चला तबकडीचा आरंभ खरवडून काढी. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेले कैलाश काटकर आणि त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी १९९० च्या दशकात अशा रोगांवर उतारा म्हणून जे प्रोग्राम लिहिले, त्यांतून ‘क्विक हील’ उभे राहिले. गल्लीतल्या दुरुस्तीच्या दुकानातून एवढा मोठा उद्योग निघाला, याचे मला एक इतिहासकार म्हणून नेहमी कौतुक वाटते.

पण ‘डी’वरची श्रद्धा पक्की झाली ती २६ एप्रिल १९९९ रोजी. तैवानमधल्या एका विद्यार्थ्याने लिहिलेला ‘सीआयएच’ नावाचा व्हायरस त्या दिवशी जागा झाला. चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली ती तारीखही हीच, म्हणून त्याला चेर्नोबिल म्हणू लागले. तो तबकडीच्या आरंभीची सुमारे एक मेगाबाइट जागा शून्यांनी भरून टाकी. काही संगणकांच्या मूळ चिपवरचा मजकूरही तो बिघडवी. आमच्या क्लासमधले दोन संगणक त्या सकाळी उठलेच नाहीत. शिकवणारा तरुण तेव्हाही शांत होता. त्याने कुठला भाग किती मोठा, हे वाटणी करतानाच एका वहीत लिहून ठेवले होते. त्या आकड्यांवरून एका दुरुस्तीच्या प्रोग्रामने त्याने पहिल्या कप्प्यातली नोंद पुन्हा भरली. ‘सी’ तर मेलाच, कारण त्याची अनुक्रमणिकाच पुसली गेली होती. पण ‘डी’ जशाच्या तसा वर आला! आम्ही टाळ्या वाजवल्या. आज हे काम ‘टेस्टडिस्क’ नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम करतो. तो तबकडीवर फिरून बांधावरचे दगड हुडकतो आणि उतारा नव्याने लिहून देतो. अलीकडच्या ‘जीपीटी’ नावाच्या रीतीत तर नोंदीची दुसरी प्रत तबकडीच्या शेवटच्या टोकाला आपोआप ठेवलेली असते.

त्या दिवशी मी जो धडा घेतला तो चुकीचा होता. मी म्हटले, ‘डी’ कधी मरत नाही.

एम.ए. झाल्यावर २००३ पासून दोन वर्षे मी उल्हासनगरातल्या वृद्धांच्या आठवणी लिहून घेत होतो. कराची सोडल्यापासून बराकीत पहिली चूल पेटेपर्यंतच्या. क्लासच्या दाराशी बसणारे ते आजोबाही त्यांत होते. सतरा जणांचे लिहून झाले. रोज रात्री मजकूर टंकायचा आणि ‘डी’त ठेवायचा, असा नेम होता. वह्या पुढेमागे रद्दीत गेल्या, कारण सगळे ‘डी’त होते.

२६ जुलै २००५. मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. बदलापुरात उल्हास नदीचे पाणी आमच्या तळमजल्याच्या घरात शिरले. आईने धान्याचे डबे टेबलावर चढवले, मी पुस्तके माळ्यावर टाकली. संगणकाची पेटी टेबलाखाली होती. तिची आठवण झाली तेव्हा पाणी मांडीला लागले होते.

हार्ड डिस्कच्या झाकणाला श्वास घ्यायला एक बारीक छिद्र असते, हे मला ठाऊक नव्हते. त्यातून गढूळ पाणी आत जाते. दुसरी चूक माझी स्वतःची: आठ दिवस वाळवून मी ती जोडली आणि वीज दिली. भिजलेल्या तबकडीला कधी वीज देऊ नये. आतला गाळ वाचणाऱ्या सुईखाली येतो आणि लेप खरवडला जातो. टक्‌, टक्‌, टक्‌ असा आवाज आला, बस्स. ‘सी’ आणि ‘डी’ ही एकाच तबकडीची दोन नावे होती. बांध कितीही पक्का घाला, पूर आला की दोन्ही शेते एकदमच पाण्याखाली जातात.

त्या दिवसांत मी वारंवार अंबरनाथच्या शिवमंदिरात जाऊन बसत असे. तिथे एक शिलालेख आहे, शिलाहार राजा मम्वाणी याच्या काळचा. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी यांनी त्यातले शकवर्ष ७८२ असे वाचले. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते ९८२ असल्याचे दाखवले. म्हणजे इसवी सन १०६०. एका आकड्याच्या वाचनात दोनशे वर्षांचा फरक! पण मूळ लेख डोळ्यांसमोर होता, म्हणून चूक सुधारता आली. पुढे वा. वि. मिराशी यांनी शिलाहारांचे लेख संपादून १९७७ साली ग्रंथरूपाने छापले, तेव्हापासून त्या दगडाची अक्षरे दगडाबाहेरही आहेत.

सतरांपैकी सहा आठवणी परत मिळाल्या. पुराच्या काही महिने आधी छपाईचा अंदाज घेण्यासाठी मी एक सीडी अंबरनाथच्या एका छापखान्यात दिली होती. ती त्यांच्या खणात पडून होती. उघडली तर सगळा चिन्हांचा कचरा. या वेळी मात्र मी घाबरलो नाही. टंक शोधून बसवला आणि अक्षरे उमटली. क्लासवाल्या आजोबांची आठवण त्या सहांत नव्हती. ते पुढच्याच थंडीत वारले.

उरलेल्यांपैकी चौघे पुन्हा बोलायला तयार झाले. त्यांतल्या कॅम्प पाचमधल्या एका आजीबाईंनी बराकीतल्या पहिल्या रात्रीची हकिगत दुसऱ्यांदा सांगितली. लांबच लांब बराक, मध्ये भिंत नाही, गोणपाटाचे पडदे टांगून कुटुंबांनी आपापली जागा आखून घेतली होती. पडद्यापलीकडे कोणी कूस बदलली तरी ऐकू यायचे. ‘‘सहा कुटुंबं होतो आम्ही,’’ त्या म्हणाल्या. मला स्पष्ट आठवत होते की पहिल्या वेळी त्यांनी चार सांगितली होती. मी तसे विचारले. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, ‘‘तू लिहून घेतलं होतंस ना? बघ की त्यात.’’